दुपारची वीज वाया घालवू नका

सौर प्रकल्पाचं उद्घाटन झालं की मेगावॅटचे आकडे ठळक छापून येतात. ती वीज दिवसाच्या कोणत्या तासाला येते आणि त्या तासाला ती कोण वापरणार, यावर मात्र चर्चा होत नाही. म्हणून हे मुद्दे.

१. ग्रीडमध्ये निर्मिती आणि मागणी क्षणोक्षणी जुळावी लागते, तरच वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास राहते. भर दुपारी सौर वीज वाढली की कोळशाचे संच खाली आणतात, पण साधारण ५५ टक्क्यांच्या खाली ते सहसा नेता येत नाहीत. बंद ठेवावेत, तर दिवेलागणीला तेच लागतात आणि थंड पडलेला संच तापायला कित्येक तास जातात. मग सौर प्रकल्पालाच निर्मिती घटवायला सांगतात. राजस्थानात हे घडतंय. तिथे भरीला वाहिन्याही अपुऱ्या आहेत.

२. आपल्याकडे पहिला उपाय शेतात आहे. आठवड्यातले काही दिवस शेतीपंपाला रात्रीची वीज, हे चक्र आपण वर्षानुवर्षं चालवलं. कडाक्याच्या थंडीत, हातात बॅटरी घेऊन, साप आणि बिबट्याच्या भीतीत माणसं गव्हाला पाणी देत आली. दिवसा वीज कमी पडायची, हे त्याचं एक मोठं कारण होतं. आज दुपारी नेमकी तीच जास्त आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. तिच्यात शेतीपंपांसाठी उपकेंद्राजवळच छोटा सौर प्रकल्प असल्याने वीज लांब वाहून न्यावी लागत नाही. ही दिशा बरोबर आहे. कोणत्या फीडरची रात्रपाळी कधी संपणार, याची तारीख मात्र गावात लागली पाहिजे.

३. पण पावसाळ्यात पंप बंद असतात, त्यामुळे साठवणही हवीच. सह्याद्रीची उंची इथे कामी येते. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे: जादा विजेने पाणी वरच्या धरणात चढवायचं, गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची. शंभर युनिट घातले तर पाऊणशेच्या वर थोडेच परत मिळतात, तरी ते संध्याकाळी मिळतात. नवे प्रकल्प आधी जुन्या जलाशयांवर करा. घाटातलं जंगल आणि वाड्यावस्त्या शेवटचा पर्याय.

४. दर. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौरतासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी हवा. पिठाची गिरणी, शीतगृह, पाणीपुरवठ्याचे पंप दुपारकडे सरकवता येतात. सुरुवात नगरपालिकांनी करावी.

५. वीज नियामक आयोग दरवाढीवर सूचना-हरकती मागवतो, तेव्हा एक ओळ जरूर लिहा: गेल्या वर्षी किती युनिट सौर वीज घेता आली नाही, आणि का, याचा महिनावार हिशेब जाहीर करा.