आभासी बाजारात प्लॉट घेण्याआधी तिथे एक मंगळवार काढा



गेल्या महिन्यात तळेगावच्या वर्कशॉपनंतर कामशेतचा एक मुलगा मागे थांबला. कॉम्प्युटरवर थ्रीडी डिझाइन झकास करतो. त्याने केलेली पैठणी फोनवर दाखवली. पदरावरचे मोर, नारळी काठ, सगळं जिथल्या तिथे. ही नेसणार कोण? तर मेटाव्हर्समधले अवतार, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी जगात माणसं जे रूप घेऊन फिरतात ते. तिथेही कपडे, दागिने, फर्निचर विकत मिळतं आणि त्याचे खरे पैसे होतात. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, "आधी तिथे प्लॉट घे, दुकान टाक, भाव वाढतायत." त्यासाठी आईच्या बचत गटातून 40 हजार उचलायचं जवळजवळ ठरलं होतं.

मी म्हटलं, "अरे, पैठणीचं नंतर बघू. आधी सांग, त्या प्लॉटच्या शेजारी कोण राहतं?"

त्याला प्रश्न कळला नाही. तुम्ही मावळातले असाल तर तुम्हाला कळेल. आपल्याकडे डोंगराच्या कडेला प्लॉटिंगच्या किती स्कीम आहेत! कमान आहे, डांबरी रस्ता आहे, प्रत्येक प्लॉटला दगड लावलेला आहे. पण घर एक नाही. कारण घेणारा प्रत्येक जण पुढच्याला विकण्यासाठी घेतो. अशा ठिकाणी तुम्ही किराणा दुकान टाकाल का? कमानीवर कितीही लाइटिंग असो, पीठ विकत घेणारं माणूस तिथे राहतच नाही.

मेटाव्हर्समध्ये नेमकं हेच झालं. ऑक्टोबर 2021 मध्ये फेसबुकने कंपनीचं नाव बदलून मेटा केलं आणि जमिनीची झुंबड उडाली. नोव्हेंबरमध्ये डिसेंट्रालँड या आभासी जगातली एक जागा सुमारे 24 लाख डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाचे साधारण 18 कोटी रुपये. पुढच्या वर्षी भाव कोसळले. जागा घेणारे भरपूर होते, पण संध्याकाळी तिथे येऊन चार वस्तू घेणारी माणसं फार थोडी होती. शिवाय आपल्याकडे अशा क्रिप्टो मालमत्तेच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. हे त्या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे आभासी धंदा थोतांड आहे का? तसं मी म्हणणार नाही. सेकंड लाइफ नावाचं एक आभासी जग 2003 पासून चालू आहे. तिथलं चलन लिंडन डॉलर. माणसं तिथे गप्पा मारायला, नाचायला, घर सजवायला येतात आणि त्यासाठी खरेदी करतात. 2015 च्या सुमारास तिथले लोक वर्षाला सुमारे 6 कोटी अमेरिकी डॉलर बाहेर काढत होते. मला त्या जगाच्या कमाईपेक्षा त्याची दुखणी जास्त शिकवून गेली.

2007 मध्ये तिथे एका आभासी बँकेने वर्षाला 40 टक्क्यांहून जास्त व्याज देऊ केलं होतं. त्याच वर्षी कंपनीने जुगार बंद केला, लोक पैसे काढायला धावले आणि बँक बुडाली. जानेवारी 2008 मध्ये कंपनीने व्याज देणाऱ्या अशा बँकांवर बंदी घातली, पण तोवर ठेवीदारांचे पैसे गेले होते. चलन आभासी असलं तरी भिशी बुडाल्यावर जे होतं तेच झालं.

त्याआधी, नोव्हेंबर 2006 मध्ये, वस्तूंची हुबेहूब नक्कल करणारा कॉपीबॉट नावाचा प्रोग्रॅम पसरला. तिथल्या कित्येक दुकानदारांनी चिडून दुकानं बंद ठेवली. तुम्हाला हसू येईल, पण लोणावळ्याच्या बाजारातून चालत जा आणि चिक्कीच्या दुकानांवर एकाच नावाच्या पाट्या किती आहेत ते मोजा. मुंबईहून आलेलं कुटुंब गाडीतून उतरतं, गोंधळतं आणि ज्याच्यासमोर पार्किंग मिळेल तिथून दोन पाकिटं घेतं. मेहनतीने नाव कमावणाऱ्याचं यात काय होतं? गिऱ्हाईकाला अस्सल ओळखता आलं नाही की चांगला माल करणाऱ्याचे हात ढिले पडतात. म्हणून आभासी जगात शिरताना विचारा: माझं डिझाइन चोरीला गेलं तर तक्रार कुठे करायची, आणि ती ऐकायला कोणी माणूस बसलाय का?

आता जागामालकाचं. सेकंड लाइफमध्ये स्वतःचा एक अख्खा प्रदेश ठेवायला बरीच वर्षं महिन्याला 295 डॉलर लागायचे. आजच्या दराने पंचवीस हजारांच्या आसपास! 2018 मध्ये ते 249 केले, पण त्याच वेळी लिंडन डॉलर विकत घेण्यावरची फी वाढवली. दुकानदाराचं भाडं उतरलं, गिऱ्हाईकाचा खर्च चढला. माझ्या मते दिशा बरोबर होती. जो मालक दुकानदाराच्या भाड्यावर जगतो, त्याला तुमचा गल्ला भरतोय की रिकामा, याची फिकीर नसते. जो विक्रीतला वाटा घेतो, त्याला ती करावी लागते. ऑनलाइन कुठेही माल विकत असाल, अगदी इंद्रायणी तांदूळ विकत असाल, तरी मालक कशावर जगतो ते आधी बघा.

आणि तो रस्ताही बदलू शकतो बरं का. जुन्या हायवेवरची गाडी आपोआप लोणावळ्याच्या बाजारातून जायची. 2002 मध्ये एक्सप्रेस वे पूर्ण झाला, आणि आता चिक्की घ्यायची तर गाडीला मुद्दाम बाहेर पडावं लागतं. त्यासाठी गिऱ्हाईकाला तुमचं नाव आठवायला हवं. आभासी जगात असा रस्ता एका रात्रीत, एका अपडेटने बदलतो.

मग बाजार निरोगी आहे की नाही, हे कसं ओळखायचं? मी त्या मुलाला एक काम दिलं. लोणावळ्याची गर्दी रविवारी सगळ्यांनाच दिसते. धंदा समजून घ्यायचा असेल तर मंगळवारी दुपारी जाऊन बसावं, तेव्हा कोण काय विकत घेतंय ते बघावं. तसंच तिथे कर. दुकानदार म्हणून नको, गिऱ्हाईक म्हणून जा. समोर येणाऱ्याशी बोल. तो स्वतःच्या हौसेसाठी आलाय की तुलाच काहीतरी विकायला?

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, ज्या जगात प्लॉट घेणार होतो तिथे तीन संध्याकाळी फिरलो. जे भेटले ते सगळे प्लॉट विकणारेच." मग तो सेकंड लाइफमध्ये गेला. तिथे एका बाईने त्याला विचारलं, ही साडी नाचताना पायात अडकते का? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण मी खूश झालो, कारण हा प्रश्न खऱ्या गिऱ्हाईकाचा आहे!

बचत गटाचं कर्ज त्याने उचललं नाही. तिथे प्लॉट न घेताही कंपनीच्या ऑनलाइन बाजारात माल लावता येतो, विक्रीवर कमिशन द्यावं लागतं. सध्या तो निऱ्या दुरुस्त करतोय.