काकडी: शेजारच्या रानातला तोडा बघून बियाणं ठरवू नका



उन्हाळी काकडीचा विषय निघाला की एकच प्रश्न येतो, "सर, सगळ्यात जास्त माल देणारं हायब्रीड कोणतं?" माझं मत स्पष्ट आहे: हा प्रश्न अर्धाच आहे. माल काही वाणाचा असतो, आणि बराचसा रानाचा, पाण्याचा अन् लागवडीच्या तारखेचा.

*बियाण्यातून येणारं:* सालीचा रंग, काट्याचा रंग, फळाचा आकार, मादी फुलं जास्त येण्याचा गुण.

*रानातून येणारं:* दिवस मोठा झाला, ऊन तापलं की त्याच वाणाला नर फुलं वाढतात. म्हणून जानेवारीची आणि एप्रिलची लागवड एका मापाने मोजू नका. पाण्याचा ताण पडला की कडू फळं वाढतात. शिव्या मात्र बियाण्याला बसतात.

*तुलना करायची तर अशी करा:*
✅ २-३ वाण एकाच रानात, एकाच दिवशी, एकाच ठिबकवर
✅ प्रत्येक वाणाच्या ओळी ३ वेगवेगळ्या जागी. बांधाकडची ओळ मोजू नका
✅ पहिल्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत वजन. विक्रीचा माल वेगळा, वाकडा-कडू वेगळा
✅ सोबत राहुरी विद्यापीठाची हिमांगी किंवा फुले शुभांगी लावा

हायब्रीडचा जादा माल विकून आलेल्या पैशातून बियाण्याचा जादा खर्च वजा करा. उरलं तरच ते हायब्रीड चांगलं.

*हायब्रीडचं बी घरी धरू नका.* 'पुसा संयोग' हे हायब्रीड जपानी मादीफुली वाण आणि 'ग्रीन लाँग नेपल्स' यांच्या संकरातून निघालं. अशा संकराचं बी पेरलं की दोन्हीकडचे गुण फुटतात. साधारण ४ वेलांतल्या एका वेलाला मादीफुलीचा गुण मिळतच नाही. फळंही एकसारखी राहत नाहीत, आणि बाजारात आडत्या तेच आधी बघतो.

सरळ वाणाचं बी मात्र जरूर धरा. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला तो हक्क दिलाय. फक्त दुसऱ्या काकडीपासून प्लॉट लांब ठेवा, मधमाश्या पराग मिसळतात.

आपल्या कंपनीनेही एकगठ्ठा बियाणं घेताना रंगीत पाकिटावर जाऊ नये, आष्टी तालुक्यातल्या आपल्याच सभासदांच्या वजनांवर जावं. या हंगामात ५-६ जणांनी जरी नीट नोंद ठेवली तरी पुढच्या वर्षी दुकानदाराला विचारायची गरज कमी होईल.

नोंद ठेवायला तयार असाल तर *"काकडी"* आणि गावाचं नाव लिहून पाठवा. तक्ता मी पाठवतो.

– आपला कृषी सल्लागार, आष्टी 🌱