मेरिटवाल्यांची कॉपी

जालना म्हटलं की शहरातल्या पोराला स्टील आठवतं, नाहीतर मोसंबी. बियाणं आठवत नाही. 1964 साली इथंच महिको कंपनी उभी राहिली. तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मिळू दे. पण दोस्तहो, कपाशीचं संकरित बी काही बटण दाबून निघत नाही. संध्याकाळी कळीतले पुंकेसर नखानं काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. फूल न् फूल. कंबर मोडते ती मजूर बाईची. तिचं नाव कुठल्या शोधनिबंधात छापून आलेलं पाहिलंय?

याच कंपनीचं बीटी वांगं. जमिनीतल्या जिवाणूचं जनुक वांग्यात घातलं, शेंडा आणि फळ पोखरणारी अळी मरावी म्हणून. ते खाऊन माणसाला काही होतं का, याच्या बहुतेक चाचण्या कंपनीनंच केल्या किंवा करवून घेतल्या. म्हणजे पेपर काढणारा तोच, सोडवणारा तोच, तपासणाराही तोच! मूळ आकडे बघायला मिळावेत म्हणून लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या जीईएसी समितीनं होकार दिला. मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 ला वांगं रोखलं.

खरी गंमत पुढंच. देशातल्या सहा बड्या विज्ञान अकादम्यांना मत विचारलं. सप्टेंबर 2010 मध्ये अहवाल आला: मर्यादित प्रमाणात लावू द्या. अन् त्यातला मजकूर? बीटीचा पुरस्कार करणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या लेखातून उचललेला, संदर्भ न देता. बोभाटा झाल्यावर डिसेंबरात अहवाल सुधारून दिला. शिफारस मात्र तीच. राखीव जागेचं नाव काढलं की ज्यांच्या पोटात मेरिट दुखतं, त्यांचं हे मेरिट! आमच्या पोरानं परीक्षेत दोन ओळी उतरवल्या असत्या तर वर्षभर घरी बसवलं असतं.

म्हणून देशी बियाणंवाल्यांच्या भजनात टाळ वाजवायला आम्ही जाणार नाही. त्यांच्या त्या जुन्या निर्मळ शेतीत आमचा बाप मेलेली ढोरं ओढत होता. विज्ञान आम्हाला पाहिजेच. बांगलादेशात 2014 पासून हेच वांगं पिकतंय. तिथले आकडेही मागवा, तपासा.

पण तपासणार कोण? 2002 मध्ये बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळीचं संकट टळलं म्हणून सांगितलं गेलं. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रभर बोंडं पोखरली. त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले. पाठीवर पंप कुणाच्या असतो, हे जीईएसीत बसणाऱ्याला माहीत नसेल, तुम्हाला आहे.

परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून सरकारी पैशावर चालतंय. चाचण्या तिथं करा, कंपनीचा एक पैसा न घेता. मूळ आकडे मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. आणि निर्णय करणाऱ्या समितीत कळ्या खुडणाऱ्या बाईला खुर्ची द्या. सतरंजी नाही, खुर्ची.