सिंहाचे वजन केले कोणी?

कल्याण पूर्वेतील चिंचपाडा परिसरात 24 नोव्हेंबर 2022 रोजी एक बिबट्या निवासी इमारतीत शिरला. काही जणांना त्याने जखमी केले आणि कित्येक तासांच्या प्रयत्नांनंतर तो वन विभागाच्या हाती लागला. त्यापूर्वी 20 फेब्रुवारी 2019 रोजी ठाण्यातील समतानगर भागात एका मॉलच्या आवारात दिसलेल्या बिबट्याला लगतच्या हॉटेलात जेरबंद करावे लागले होते. अशा प्रसंगी जनावर पिंजऱ्यात जाण्याआधीच त्याचे वजन ठरून जाते. नाक्यावर ते शंभर किलोचे असते, संध्याकाळच्या लोकलमध्ये सव्वाशेचे होते. प्रत्यक्षात भारतातील पूर्ण वाढीच्या नर बिबट्याचे वजन साधारणपणे 50 ते 77 किलो व मादीचे 29 ते 34 किलो नोंदले गेले आहे. म्हणजे मादी वजनाला जेमतेम पाचवी-सहावीतल्या मुलाएवढी भरते.

भयभीत माणसाचा अंदाज चुकला तर नवल नाही. परंतु संदर्भग्रंथांतून आणि वृत्तपत्रांतून ठामपणे दिलेले आकडेही अनेकदा याच जातीचे असतात, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण सिंहाचे आहे. येऊरच्या डोंगरापलीकडे, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, 2022 मध्ये जुनागढच्या सक्करबागेतून सिंहाची जोडी आणण्यात आली. बंदिस्त जनावराला काट्यावर घेता येते, पण रानातल्या सिंहाला कोण तोलणार? गीरच्या नर सिंहाचे वजन 160 ते 190 किलो आणि मादीचे 110 ते 120 किलो, हे आकडे जागोजागी आढळतात. त्यासाठी किती सिंह तोलले, केव्हा तोलले, याचा उल्लेख मात्र बहुधा सोबत नसतो. 2025 च्या गणनेत गुजरातमध्ये 891 सिंह मोजले गेले. डोकी मोजण्याची व्यवस्था आहे. वजनाच्या बाबतीत वाचकाला जुन्या आकड्यावरच विसंबावे लागते.

विक्रमी वजनांचे प्रकरण तर आणखी गमतीचे आहे. दक्षिण आफ्रिकेत हेक्टरस्प्रुटजवळ 1936 मध्ये मारलेला नरभक्षक सिंह 313 किलोचा, तर केनिया पर्वताच्या परिसरात 1993 मध्ये मारलेला 272 किलोचा होता, असे सांगितले जाते. हे आकडे किलोत कसे अगदी नेमके वाटतात. त्यांचे पौंड केले की मात्र पहिला 690 आणि दुसरा 600 निघतो! एवढे गोल आकडे पाहून संशयाला जागा राहते. ते काट्याने दिले की शिकारीच्या नजरेने, हे आज ठरवणे अवघड आहे. एवढे खरे की पौंडातला अंदाज किलोत गेला की त्याला शास्त्रीय मोजमापाचे रूप येते. याउलट क्रुगर राष्ट्रीय उद्यानात शेकडो सिंहांची मोजमापे घेऊन 1980 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रौढ नराची सरासरी 190 किलोच्या आसपास होती. या आकड्यामागे अनेक जनावरे आहेत, विक्रमामागे एकच.

दुसरा घोळ पोटाचा. सिंह एका बैठकीत 30 किलोपर्यंत मांस खाऊ शकतो. तोच सिंह उपाशी तोलला तर एक वजन, शिकारीनंतर तोलला तर दुसरे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात गेलेला, 1967 मध्ये उत्तर भारतात मारलेला वाघ सुमारे 389 किलोचा सांगितला जातो. मरण्याआधी तो म्हशीच्या शिकारीवर भरपेट जेवला होता, ही तळटीप मात्र गळून पडते. लांबीचेही तेच. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याची जिम कॉर्बेटने दिलेली लांबी दोन खुंट्यांमधील सरळ अंतराने साडेसात फूट आणि अंगाच्या वळणावरून सात फूट दहा इंच आहे. कॉर्बेटने दोन्ही पद्धती नमूद केल्या, हा त्याचा प्रामाणिकपणा. इतर शिकारी यांपैकी मोठा आकडा तेवढा सांगून मोकळे होत.

महाराष्ट्रात याचा अनुभव 'जय'च्या निमित्ताने आला. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातील हा वाघ 2016 मध्ये बेपत्ता झाला तेव्हा त्याचे वजन 250 किलो असल्याचे सरसकट छापले जात होते. आशियातील सर्वांत मोठा वाघ, अशी बिरुदावलीही त्याला चिकटली. तोलले कोणी, केव्हा, कोणत्या काट्यावर, हा तपशील बहुतेक बातम्यांत नव्हता. आकडा शून्यावर संपत असेल आणि त्यासोबत तारीख नसेल, तर वाचकाने तो सावधपणेच घेतलेला बरा.

जयच्या बाबतीत हा फार तर कौतुकाचा अतिरेक होता. ठाणे-कल्याणच्या परिसरात मात्र या आकड्याला जिवाचे मोल आहे. राष्ट्रीय उद्यान व परिसरातील 2018 च्या पाहणीत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी 47 बिबटे ओळखले, तेही अंगावरील ठिपक्यांवरून. कॅमेरा बिबट्या मोजतो, तोलत नाही. आणि बेशुद्धीच्या औषधाची मात्रा तर दर किलो वजनाला इतके मिलिग्रॅम अशी ठरते. 45 किलोचे जनावर 80 किलोचे समजले गेले, तर औषध पावणेदोन पटींहून अधिक जाते; श्वास मंदावतो, अंगाचे तापमान ढळते. अंदाज उलट चुकला तर अर्धवट गुंगीतला बिबट्या माणसांमध्ये मोकळा राहतो. इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यात, खाली मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या गर्दीच्या गोंगाटात, पशुवैद्यकाला हा अंदाज नुसत्या नजरेने, काही मिनिटांत करावा लागतो.