प्रज्ञावंत मुलांना पुढची इयत्ता हवी की अवघड प्रश्न?

लखनौच्या सुषमा वर्मा हिचे नाव विज्ञानवार्ता वाचणाऱ्या अनेकांना आठवत असेल. २००७ साली, वयाच्या ७ व्या वर्षी ती दहावी उत्तीर्ण झाली. २०१३ साली, १३ व्या वर्षी तिने सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. २०१५ साली लखनौच्याच बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठात पीएच.डी.ला. वडील सफाई कामगार. मुलीच्या शुल्कासाठी त्यांनी जमीन विकली. तिला व्हायचे होते डॉक्टर. पण वैद्यकीय प्रवेशाला किमान १७ वर्षांची अट असल्याने तो मार्ग तेव्हा बंद राहिला.

तिच्या जिद्दीला आणि त्या कुटुंबाच्या त्यागाला वंदनच करावे. प्रश्न आहे तो आपल्या शिक्षणव्यवस्थेला. वर्गाच्या पुढे धावणारे मूल दिसले की तिला दोनच गोष्टी सुचतात : वयाची अट दाखवून थांबवणे किंवा इयत्ता ओलांडू देणे. त्याच इयत्तेत राहून अधिक खोल जाता येते, हा तिसरा पर्याय फारसा कुणी विचारातच घेत नाही.

खोल म्हणजे काय? एक उदाहरण घेऊ. ९ ही संख्या ४ + ५ अशी, तसेच २ + ३ + ४ अशीही लिहिता येते. १५ तर तीन प्रकारे : ७ + ८, ४ + ५ + ६ आणि १ + २ + ३ + ४ + ५. मग लागोपाठच्या नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून कोणत्या संख्या लिहिताच येत नाहीत? याला चौथीची बेरीज पुरते. मुले यादी करू लागतात आणि अडतात ती १, २, ४, ८, १६ या संख्यांपाशी. ‘३२ चे काय होईल?’ असे विचारले की अंदाज बांधला जातो, ‘कशावरून?’ असे विचारले की सिद्धतेची गरज जन्माला येते. ज्या मुलाला पाठ्यपुस्तक दहा मिनिटांत संपवायची सवय आहे, ते येथे आठवडाभर रमते आणि आयुष्यात प्रथमच अडते. पुढे संशोधनात बहुतेक दिवस अडून बसण्यातच जातात. त्याची सवय बालपणीच लागलेली बरी.

आपल्याकडे याची परंपरा आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून प्रज्ञावंत मुलांसाठी काम करते आहे. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी व नववीच्या मुलांकडून लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही करून घेते. परंतु ऑलिम्पियाडची वाट साधारण आठवीपासून सुरू होते, आणि प्राथमिक वर्गांच्या वाट्याला मुख्यतः पाठांतर आणि गतीच्या परीक्षा येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष कल असलेल्या मुलांसाठी पूरक साहित्य, विषयमंडळे आणि बी.एड.मध्ये स्वतंत्र प्रशिक्षण यांचा उल्लेख आहे. तो शाळेच्या वेळापत्रकात उतरला, तरच त्याला अर्थ.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : सामान्य मुलांनाच धड शिक्षण मिळत नसताना हे लाड कशाला? पण असा प्रश्न सगळ्या वर्गासमोर मांडता येतो. कुणी यादीपर्यंत पोचेल, कुणी सिद्धतेपर्यंत. वगळले कुणीच जात नाही. शिवाय सुखवस्तू घरातील हुशार मुलाला शिकवणी, पुस्तके, शिबिरे मिळतातच. सफाई कामगाराच्या मुलीजवळ असते ती केवळ शाळा. तेथे खोली नसेल, तर तिच्यासमोर वेग हा एकच मार्ग उरतो, आणि त्यासाठी घरच्यांना जमीन विकावी लागते.

भौतिकशास्त्र वा गणित शिकणाऱ्या वाचकांना म्हणून एक विनंती. जवळच्या सरकारी शाळेत आठवड्याला एक तास मागून घ्या. प्रयोगशाळा लागत नाही; खडू, फळा आणि उत्तर सांगण्याची घाई न करण्याचा संयम एवढे पुरे. सुरुवात वरच्याच प्रश्नाने करा.