महाराजाच्या बाजूने

महाराजाचं, म्हणजे एअर इंडियाचं, तिकीट काढलंय असं चारचौघांत सांगायला हल्ली छाती लागते. समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी कीव उमटते आणि मग प्रश्न येतो, "मुद्दाम काढलंस, की दुसरं मिळालं नाही?" मुद्दाम काढलं, असं एकदा म्हटलं की पुढचा अर्धा तास आपला नसतो.

आमच्या कॉलेजच्या कंपूत एक सीए आहे, एक बँकेतून निवृत्त झालेली मैत्रीण आहे आणि एक गृहस्थ असे आहेत की ज्यांनी सगळी नोकरी कंपनीच्या खर्चाने परदेशी विमानांतून फिरण्यात घालवली. त्यांना एअर इंडिया या विषयावर बोलताना ऐकणं म्हणजे खानदानी सासूकडून सुनेच्या माहेराचं वर्णन ऐकणं. रविवारी सकाळी भेटलो की मिसळ येईपर्यंत माझी उलटतपासणी संपलेली असते.

पंचाईत अशी, की त्यांची फिर्याद खोटी नाही. खुर्च्या जुन्या, समोरचे स्क्रीन बंद, हे म्हणायला विरोधक लागत नाहीत. कंपनीनेच २०२२च्या डिसेंबरात लांब पल्ल्याच्या जुन्या विमानांचा अंतर्भाग नव्याने सजवायला ४० कोटी डॉलर खर्चू असं जाहीर केलं, म्हणजे कबुलीजबाब सहीनिशी हातात आला. न्यूयॉर्क-दिल्ली विमानातल्या एका मद्यपी प्रवाशाचं किळसवाणं प्रकरण जगभर गाजलं आणि २०२३च्या जानेवारीत विमान वाहतूक नियामक डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला. वर्षभराने पुन्हा ३० लाख. या वेळी न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका प्रवाशासाठी. नवराबायको दोघांनी व्हीलचेअर मागितल्या होत्या, मिळाली एकच. ती बायकोला देऊन आजोबा तिच्या शेजारून चालत निघाले, कोसळले आणि गेले. हे प्रकरण बँकवाली मैत्रीण नेमकं शेवटी काढते. त्यानंतर मी काही बोलत नाही. काय बोलणार?

सीए आकड्यांनी मारतो. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचं लग्न लावलं, तिथपासून तो सुरुवात करतो. टाटांना विकली त्या वेळी कर्ज होतं ६१ हजार कोटींच्या वर. टाटांची बोली १८ हजार कोटींची, त्यातही १५,३०० कोटी कर्ज उचलण्यापोटी आणि २,७०० कोटी रोख. "उरलेले ४६ हजार कोटी कुणाच्या डोक्यावर गेले, बाई? तुझ्या आणि माझ्या!" मी म्हणते, मग तर झालंच. एवढे पैसे भरलेत, तर एकदा बसून तरी घे.

तो हसतो, पण हे मी निव्वळ टोलवण्यासाठी म्हणत नाही. बाकीच्या विमान कंपन्यांशी माझं नातं गिऱ्हाइकाचं आहे. वेळेत नेलं तर चार तारे, नाही नेलं तर दोन. एअर इंडियाला मी तारे देत नाही, तिला जाब विचारते. सत्तर वर्षं जी आपल्या नावावर चालली, आपल्या पैशाने बुडाली आणि आपल्या पैशानेच तरली, ती मालक बदलला म्हणून माझ्या लेखी परकी होत नाही. हा युक्तिवाद लंगडा आहे असं सीए म्हणतो. असेल. पण देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी ज्या निळ्या इंडिगोने जातात, तिच्याविषयी माझ्या मनात अशी एकही भावना नाही, चांगली ना वाईट.

आणि तक्रार करायची रीत या घरात संस्थापकानेच घालून दिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर एकटे उतरले, हे शाळेतल्या पुस्तकातही असतं. मला त्या उड्डाणाहून त्यांचे नंतरचे शेरे जास्त आवडतात. १९५३मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, कंपनी हातातून गेली, तरी अध्यक्ष म्हणून ते राहिले आणि पुढची पंचवीस वर्षं स्वतःच्या विमानात बसून खुसपटं काढत राहिले. चहा आणि कॉफी रंगावरून ओळखू येत नाही, असली टिपणं ते अधिकाऱ्यांना धाडायचे. खुर्ची किती मागे जाते, शौचालयात कागद आहे का, पडदे मळलेत का, अध्यक्षाच्या नजरेतून काही सुटायचं नाही. १९७८ साली मोरारजी सरकारने त्यांना पदावरून दूर केलं. आमचे परदेशी विमानवाले गृहस्थ म्हणतात, तिथेच संपलं सगळं. मला ते पुरतं पटत नाही.

कारण १९९० साल त्यानंतरचं आहे. ऑगस्टात इराकने कुवेत गिळलं आणि लाखाहून अधिक भारतीय अडकले. ही माणसं बसनं, ट्रकनं, मिळेल त्या वाटेनं जॉर्डनमध्ये अम्मानला पोहोचली आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईत आली. दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या, त्यांची गिनीज बुकात नोंद आहे. पुढे २०२०मध्ये वुहानमध्ये रोगाचं नावही नीट ठरलेलं नव्हतं, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांना आणायला हिचंच जम्बो गेलं, एकदा नव्हे, लागोपाठ दोन दिवस दोनदा. सीएचं म्हणणं, सरकारने पाठवलं म्हणून गेले, हौसेने नाही. बरोबर आहे. पण कॉकपिटमध्ये आणि केबिनमध्ये सरकार बसत नाही. तिथे कुणाची तरी अंधेरीची सून आणि कुणाचा तरी डोंबिवलीचा बाप असतो. आता कंपनी खाजगी आहे, उद्या असा प्रसंग आला तर ती जाईल का, हा त्याचा पुढचा प्रश्न. तो मलाही पडतो आणि माझ्या निष्ठेला खरा सुरुंग लागेल तर तिथेच लागेल, मोडक्या खुर्चीने नाही.

१२ जून २०२५नंतर मात्र आमच्या रविवारी हा विषयच निघाला नाही, कित्येक आठवडे. अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उड्डाणानंतर मिनिटभरात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, खालीही माणसं गेली. दुसऱ्या दिवसापासून घराघरांत निकाल लागले. कुणी वैमानिकाला दोषी धरलं, कुणी यंत्राला, कुणी कंपनीला. जुलैत प्राथमिक अहवाल आला, इंधनाचे स्विच बंद झाल्याचं त्यात होतं, ते का झाले याचं उत्तर नव्हतं, तरीही निकाल लावणारे थांबले नाहीत. आमच्या कंपूत मात्र त्या काळात मला कुणी टोमणा मारला नाही. मीही बचाव केला नाही. सुरक्षिततेच्या प्रश्नावर निष्ठेच्या नावाने सूट मागायची नसते आणि मागितली तर ती मूर्खपणाची असते, एवढं मला कळतं. नंतर तिकीट काढताना हात थांबला का? थांबला. मग काढलं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिल्या आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, त्यांची तयारी इंडिगोला करता आली नाही आणि वेळेच्या बाबतीत जिची शपथ घ्यायची त्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे डोंगर, लग्नाला निघालेली वऱ्हाडं जमिनीवर. रविवारी सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही बोलेल म्हणून. मी मिसळीत लिंबू पिळलं. दुसऱ्याचं विमान रद्द झाल्याने आपलं वेळेवर येत नाही.

खरं सांगायचं तर माझी निष्ठा इतिहासावर फारशी पोसलेली नाही. ती मुंबईच्या विमानतळावर, अमेरिकेतल्या नेवार्कच्या विमानाच्या फाटकाशी पोसली गेली आहे. कधी तरी तिथे जाऊन बसा. बाकी फाटकांवर कानात बोंडुकली घालून लॅपटॉप उघडलेली माणसं असतात. इथे व्हीलचेअरची रांग असते, दुकानाबाहेर पाय दुखेपर्यंत थांबावं तशी लांब. नऊवारीवर स्वेटर, खाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, मांडीवर पर्स आणि पर्सला दोरीने बांधलेलं पासपोर्टचं प्लास्टिक पाकीट. पाकिटावर मुलाने मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलेला न्यू जर्सीतल्या एडिसनचा फोन नंबर. ही आजी आयुष्यात कधी नाशिकच्या पलीकडे एकटी गेलेली नाही आणि आता सोळा तास बसून सुनेच्या बाळंतपणाला निघाली आहे. सामानात डिंकाचे लाडू आणि अळीव, आणि बॅगेचं वजन घरच्या काट्यावर तीनदा केलेलं.

या आजीला दुबईत विमान बदल, दोहात टर्मिनल शोध, असं सांगणार कोण? तिला मुंबईत बसवायचं आणि नेवार्कला उतरवायचं, मध्ये काही नको. अमेरिकी कंपन्या या मार्गावर आल्या, थांबल्या, परत आल्या, पुन्हा थांबल्या. ही राहिली. आत गेल्यावर आजी पहिला प्रश्न मराठीतच विचारते आणि बहुतेक वेळा कुणी तरी मराठीतच उत्तर देतं. मी एकदा पाहिलं, केबिनमधली एक मुलगी गुडघ्यावर बसून एका आजींना सीटबेल्ट लावून देत होती आणि आजी तिला विचारत होत्या, "तुमचं गाव कुठलं गं?" मुलीने कोकणातलं कुठलंसं नाव सांगितलं. त्यावर आजींनी तिच्याकडे तिथल्या एका देवळातल्या पुजाऱ्याची चौकशी केली. मागे माणसं खोळंबली होती. मुलगी म्हणाली, "आजी, तुमच्या पुजाऱ्याचं, उड्डाण झाल्यावर बघते." सिंगापूरच्या विमानात सेवा याहून नीटनेटकी असते, यात वाद नाही. तिथे पुजारी निघत नाही.

हे सगळं मी कंपूला कितीदा तरी सांगितलं आहे. परदेशी विमानवाले गृहस्थ म्हणतात, ही निष्ठा नव्हे, सोय आहे. असू दे. सोयीवर वर्षानुवर्षं टिकलेलं असं काही त्यांच्याकडे असेल तर त्यांनी दाखवावं.

गेल्या महिन्यात बँकवाल्या मैत्रिणीचा फोन आला. मुलगी न्यू जर्सीत, मे महिन्यात बाळंतपण, सासूबाईंनाही बरोबर न्यायचं आहे, वय ऐंशीच्या पुढे, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. तिने बरीच प्रस्तावना केली आणि मग हळूच विचारलं, "ते तुझं नेवार्कचं थेट विमान कोणकोणत्या वारी असतं गं?"

मी वार सांगितले. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदव, दोघींसाठी दोन, आणि आदल्या दिवशी फोन करून पुन्हा खात्री कर, हेही बजावलं.

"आणि परतीचं कुठलं काढतेस?"

"बघू," ती म्हणाली, "तेच काढते. पण कंपूत बोलू नकोस."