भत्ता मुलांचा, फायदा मालकांचा

ब्रिटनमध्ये एप्रिल २००३ मध्ये सुरू झालेली ‘टॅक्स क्रेडिट’ योजना ५ एप्रिल २०२५ रोजी संपुष्टात आली. लाखो कामगार कुटुंबांचा संसार तिच्यावर विसंबून होता. नावात कर असला तरी ती केवळ करातील सूट नव्हती. तुटपुंज्या वेतनाला सरकारी तिजोरीतून लावलेले ते ठिगळ होते. म्हणूनच तिचा हिशोब कामगार चळवळीने तपासला पाहिजे.

कुटुंबाला मिळणाऱ्या दोन प्रकारच्या मदतीतील फरक प्रथम ध्यानात घ्यावा. पहिला प्रकार बालभत्त्याचा. एलिनॉर रॅथबोन यांच्या प्रदीर्घ प्रयत्नांनंतर १९४५ साली कुटुंबभत्त्याचा कायदा झाला. १९७७ पासून त्याची जागा पहिल्या अपत्यालाही लागू असलेल्या बालभत्त्याने घेतली. टॅक्स क्रेडिट ठरविताना हा भत्ता उत्पन्नात धरला जात नसे. सामान्य कामगाराचा पगार वाढला म्हणून तो घटतही नसे.

दुसरा प्रकार टॅक्स क्रेडिटचा. येथे पतिपत्नींचे उत्पन्न एकत्र मोजले जाई. ठराविक मर्यादेच्या वर गेलेल्या प्रत्येक पौंडामागे २०११ पासून ४१ पेन्स मदत कमी होई. त्यात २० टक्के प्राप्तिकर आणि त्या दशकातील १२ टक्के राष्ट्रीय विम्याची वर्गणी मिळवा. म्हणजे युनियनने झगडून शंभर पौंडांची वाढ मिळविली, तर कामगाराच्या घरात अखेर २७ पौंडच पोहोचत. पत्नी कामावर जाऊ लागली, तर तिच्या पहिल्या पौंडापासूनच ही कात्री चाले. शिवाय वर्षाचे उत्पन्न अंदाजाने धरले जाई आणि अंदाज चुकला की वसुली सुरू होई. २००३-०४ या पहिल्याच वर्षी सुमारे २२० कोटी पौंड जादा दिले गेल्याचे आढळले आणि त्याचा तगादा गरीब कुटुंबांमागे लागला.

या व्यवस्थेत मालकाचे काय गेले? काहीच नाही. अपुऱ्या वेतनाची भरपाई जनतेच्या करांतून होत राहिली. १७९५ साली बर्कशायरमधील स्पीनहॅमलंड येथे न्यायाधीशांनी पावाच्या भावानुसार शेतमजुरांच्या मजुरीला पॅरिशच्या निधीतून पुरवणी देण्याचे ठरविले, तेव्हाही मजुरी कमी ठेवण्याची सोय जमीनदार शेतकऱ्यांना आयतीच झाली होती.

परंतु यावरून मदतच बंद करा, असा निष्कर्ष काढणे म्हणजे मालकांच्याच हाती कोलीत देणे होय. २०१५ साली अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी मदतीची उत्पन्नमर्यादा ६,४२० पौंडांवरून ३,८५० पौंडांवर आणण्याचा घाट घातला होता. लॉर्ड्स सभागृहातील अडवणूक आणि व्यापक विरोध यांमुळे त्यांना माघार घ्यावी लागली. मात्र ६ एप्रिल २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या व पुढील अपत्यांना काही अपवाद सोडता मदत नाकारण्यात आली. वेतन न वाढविता ठिगळ काढले की शिक्षा मुलांना होते.

तेव्हा मागणी दुहेरी असली पाहिजे. मुलाचा भत्ता मुलाचा हक्क म्हणून, उत्पन्नाची अट न घालता मिळावा. आणि श्रमाचा पुरेसा मोबदला मालकाच्याच खिशातून यावा. कोणत्याही कल्याणयोजनेचे मूल्यमापन करताना एक प्रश्न अवश्य विचारावा : कामगाराने लढून पगारवाढ मिळविली, तर तिच्यातले त्याच्या हाती किती उरते?